पानावरची वस्ती

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं कामशेत, वडगाव मागं टाकत तळेगावला पोचावं, तर तेवढ्या तासाभराच्या वाटेत हा आकडा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आलेला असतो. नवलाख उंबरे हे गाव या उताराच्या कोरड्या टोकाला येतं. अर्थात ‘कोरडं’ हा शब्द मावळातच खपतो. सोलापूरकरानं ऐकला तर तो हसेल. गावाच्या एका अंगाला तळेगाव एमआयडीसीतले कारखाने, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी भाताची खाचरं, आणि मधेमधे पॉलिहाऊसची पांढरट छपरं. ही इंद्रायणी जातही इथलीच. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात ती तयार झाली आणि १९८७ साली प्रसारित झाली.

या पट्ट्यात भाजी पिकवणाऱ्याला पावसाची धास्ती असते, पण त्याहून जास्त असते ती पाऊस ओसरल्यानंतरच्या दिवसांची. भात पोटरीतून बाहेर पडतं, दुपारी ऊन तापतं, रात्री गारठा उतरतो आणि पहाटे दहिवरानं पानं निथळतात. माणसाला हवी वाटणारी ही हवा बुरशीलाही तितकीच मानवते.

भाजीवाल्याच्या तोंडी मुख्यतः तीन नावं असतात: भुरी, केवडा आणि करपा. तिघांचा उल्लेख एका दमात होतो खरा, पण त्यांच्या सवयी इतक्या वेगळ्या की एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. भुरीचे बीजाणू रुजायला पानावर पाणी लागत नाही; दमट हवा आणि दाट सावली एवढ्यावर तिचं भागतं, उलट वाहत्या पाण्यानं ती मागं हटते. म्हणून पावसापासून झाकलेल्या पॉलिहाऊसमध्ये ती सुखानं नांदते. केवड्याला मात्र पान काही तास ओलं राहावं लागतं. काकडीच्या पानावर शिरांच्या चौकटीत अडकलेले पिवळे कोनाकोनांचे ठिपके वरून दिसतात आणि पहाटे पान उलटून पाहिलं की खाली करडी-जांभळट बुरशी. करपा हे तर एक घराणंच आहे. टोमॅटोवर लवकर येणारा करपा वेगळा, उशिरा येणारा वेगळा. शेजारच्या खेड तालुक्यात, जिथं राजगुरुनगरला देशाचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथला शेतकरी कांद्यावरचा जांभळा, तपकिरी आणि काळा असे तीन करपे रंगावरून ओळखतो. तिन्हींच्या बुरशी वेगवेगळ्या आहेत.

त्यातही एक मेख आहे. केवडा आणि टोमॅटो-बटाट्याचा उशिरा येणारा करपा घडवणारे जीव शास्त्राच्या हिशेबात खऱ्या बुरशीच नव्हेत. त्यांचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी जवळचं. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, यांची मुख्यतः सेल्युलोजसारख्या द्रव्यांची. दुकानात ‘बुरशीचं औषध द्या’ म्हणून मागितलेली पुडी कधीकधी पूर्ण वाया का जाते, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

मावळात पॉलिहाऊस आली ती भाजीसाठी नव्हे, गुलाबासाठी. एमआयडीसीचं तळेगावचं फ्लोरिकल्चर पार्क, फेब्रुवारीतल्या परदेशी बाजारासाठी होणारी फुलांची धांदल आणि तळेगाव दाभाड्यातली कृषी पणन मंडळाची प्रशिक्षण संस्था, यांमुळं बंदिस्त शेतीचं तंत्र या भागात रुळलं. त्याच छपरांखाली रंगीत ढोबळी मिरची आणि बिनबियांची काकडी आली. गुलाबावर भुरी आली तर फवारा मारून मोकळं होता येतं; गुलाब कुणी खात नाही. काकडीचं तसं नाही. वेल लागता झाला की एक-दोन दिवसांआड तोडा होतो. ढोबळीचा तोडाही आठवडाभर लांबवता येत नाही. आणि रासायनिक बुरशीनाशकाच्या लेबलवर फवारणी व काढणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते लिहिलेलं असतं. कुठं तीन, कुठं पाच, कुठं सात, कुठं त्याहून जास्त. मंगळवारी औषध मारलं आणि बुधवारी तोडा आला, तर शेतकऱ्यानं करायचं काय? माल वेलीवर ठेवला तर जून होतो, तोडला तर फवाऱ्यासकट बाजारात जातो.

जैविक नियंत्रणाच्या बाजूनं पर्यावरणाची, आरोग्याची, मातीची पुष्कळ कारणं दिली जातात आणि ती खरीही आहेत. पण पॉलिहाऊसमधल्या माणसाला पटणारं कारण बहुतेक वेळा हे तोड्याचं असतं.

दुसरं कारण औषधंच देतात, बोथट होऊन. मेटालॅक्झिल हे केवड्यावरचं आंतरप्रवाही औषध १९७७ च्या सुमारास बाजारात आलं तेव्हा ते चमत्कारासारखं वाटलं होतं. दोन-तीन वर्षांतच इस्राएलमधल्या प्लॅस्टिकच्या घरांत काकडीचा केवडा त्याला दाद देईनासा झाला. त्यानंतर १९९६ साली ॲझॉक्सिस्ट्रोबिन आलं. त्याचं मूळ मोठं गमतीदार: पाइनच्या शंकूंवर उगवणारी एक लहानशी छत्री आपल्या वाटच्या लाकडावर दुसऱ्या बुरशी फिरकू नयेत म्हणून जे विष सोडते, त्याच्या नमुन्यावर रसायनशास्त्रज्ञांनी हे बेतलं. बुरशीचंच शस्त्र बुरशीवर. तेही जपानमधल्या काकडीवरच्या भुरीनं आणि केवड्यानं दोन-तीन हंगामांत पचवलं. बंदिस्त जागा, वर्षभर तेच पीक आणि आठवड्याला तोच फवारा: बुरशीला शिकायला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

सूक्ष्मजीवाकडून बुरशी मारून घेण्याचा एक मोठा प्रयोग मावळच्या उंबरठ्यावरच, पिंपरीत झाला होता, याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो पेनिसिलिनसाठी. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार नावाचे म्हैसूरकडचे कवकशास्त्रज्ञ आले. पिकांच्या रोगांवर हयात घालवलेला हा माणूस माणसांच्या औषधांच्या कारखान्यात बसून मातीचे नमुने तपासत होता. पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक मिळालं. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ असा गावाचा शिक्का आहे. मग १९६४ साली तिरुमलाचार, रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांनी ऑरिओफंजिन जाहीर केलं. हे प्रामुख्यानं पिकांच्या कामाला आलं. मोसंबीचा डिंक्या, द्राक्षावरची भुरी आणि केवडा, सफरचंदाची भुरी, भाताचा करपा अशा रोगांवर त्याच्या चाचण्या झाल्या. परदेशी रेणूची नक्कल न करता इथल्या मातीतून शोधलेलं आणि इथंच बनवलेलं बुरशीनाशक, तेही साठीच्या दशकात, ही साधी गोष्ट नव्हती. पुढं कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला आणि ऑरिओफंजिन शेतकऱ्याच्या बोलण्यातून गेलं.

याच कारखान्याचं स्ट्रेप्टोसायक्लिन मात्र घरोघरी पोचलं. ते जिवाणूंवरचं औषध. पण गावोगावी ते ‘सोबत एक पुडी असू द्या’ म्हणून कोणत्याही फवाऱ्यात पडू लागलं. माणसांवर वापरायची प्रतिजैविकं शेतात उधळली की जिवाणू ती ओळखायला शिकतात, या भीतीनं केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरात त्याचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्यानं थांबवण्याचा मसुदा काढला.

ऑरिओफंजिनला जैविक नियंत्रण म्हणावं का, यावर वाद घालता येईल. सूक्ष्मजीवानं तयार केलेलं द्रव्य गाळून, वाळवून डब्यात भरलं की ते औषधच झालं. जीव कारखान्यात मागं राहिला. आज ज्याला जैविक म्हणतात त्यात जीवच पाकिटात येतो. फरक इथून पुढचा आहे आणि गैरसमजही इथूनच सुरू होतात.

पाकिटातल्या जीवांत सर्वांत प्रसिद्ध ट्रायकोडर्मा. १९३२ साली अमेरिकेत वाइंडलिंग या शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की ही बुरशी रोपं कोलमडवणाऱ्या दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेटोळं घालते आणि त्यांना पोकळ करून टाकते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ट्रायकोडर्मा माहीत आहे तो शेणखतात मुरवून द्यायचा, बियाण्याला चोळायचा, ठिबकमधून सोडायचा किंवा आळवणी करायचा म्हणून. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ हळद-आल्याच्या कंदकुजीवर लोकप्रिय झालं तेही जमिनीतूनच. जमिनीत ओल असते, सावली असते, सडका पालापाचोळा असतो. तिथं सोडलेला जीव वस्ती करतो आणि महिनोन्‌महिने टिकतो.

पान ही वस्तीला फार वाईट जागा आहे. दुपारी ऊन थेट वर, अतिनील किरणांसकट. मेणचट पृष्ठभाग. खायला जवळजवळ काही नाही. पानातून झिरपलेली थोडी साखर, वाऱ्यानं आलेले परागकण, माव्यानं सोडलेला चिकटा. सकाळी दहिवर, दहाला कोरडं, संध्याकाळी पुन्हा दमट. त्यात मावळाचा पाऊस म्हणजे एका सरीत सगळी वस्ती वाहून जमिनीवर. रोगाची बुरशी या जाचातून एका युक्तीनं सुटते: ती काही तासांत पानाच्या आत शिरते किंवा आपली मुळं आत रोवते. तिला रोखायला सोडलेला जीव बहुधा वरच राहतो. मातीत यश देणारं कल्चर पानावर फवारून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नसतो.

मग पानावर काय चालतं? भुरीचा एक जन्मजात वैरी आहे, अँपेलोमायसिस. १८५२ पासून त्याची नोंद आहे. तो भुरीच्याच तंतूंत शिरतो आणि तिच्या पोटात आपल्या बीजाणूंच्या तपकिरी कुप्या भरतो. इस्राएलमध्ये सापडलेल्या त्याच्या एका वाणाचं व्यापारी उत्पादन नव्वदीच्या दशकात बाजारात आलं आणि भारतातही आज या बुरशीची उत्पादनं मिळतात. पण त्याला खायला भुरी लागते आणि रुजायला दमटपणा. म्हणजे भुरी अजिबात नसताना तो उपाशी, आणि पान पांढरं पडल्यावर तो तोकडा. पहिले दोन-चार ठिपके दिसताच संध्याकाळी फवारला तर उपयोग. ढोबळी मिरचीवर तर आणखी अडचण. तिच्यावरची भुरी पानाच्या आत वाढते आणि खालच्या बाजूनं रंध्रांतून डोकं काढते. वरून पिवळे डाग दिसेपर्यंत आत बरंच काही उरकलेलं असतं.

बॅसिलस सबटिलिस हा दुसरा गडी जास्त काटक. हा जिवाणू अडचणीत आला की कवच घालून बसतो, त्यामुळं उन्हात आणि पाकिटात टिकतो. तो साबणासारखी काही द्रव्यं सोडतो, ती बुरशीच्या पेशीचं आवरण फाडतात. आज जगभर विकल्या जाणाऱ्या त्याच्या एका वाणाचा शोध कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या पीचच्या बागेत लागला. स्यूडोमोनास हा आणखी एक जिवाणू वेगळ्या वाटेनं जातो. लोह पळवून तो बुरशीला उपाशी ठेवतो, शिवाय झाडालाच आधी सावध करतो. हे झाडाला सावध करणं फार महत्त्वाचं निघालं. इस्राएलमध्ये यिगाल इलाद यांनी पॉलिहाऊसमधल्या काकडी-टोमॅटोच्या करडी बुरशी या आणखी एका रोगावर ट्रायकोडर्माचा टी-३९ हा वाण आणला, तेव्हा तो बुरशीला खातो असा समज होता. पुढं दिसलं की त्याच्या कामाचा मोठा वाटा झाडाची प्रतिकारशक्ती चाळवण्यात आहे. आणि त्या शक्तीला जागं व्हायला दिवस लागतात. रोग दिसल्यावर मारलेला फवारा म्हणून उशिरा पोचतो.

इलाद आणि त्यांचे सहकारी श्टीनबर्ग यांनी पुढं केलेलं काम या लेखाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं आहे. त्यांनी हवामानाचा अंदाज फवारणीच्या वहीला जोडला. येत्या चार दिवसांत रोगाला फारशी अनुकूल हवा नाही, तर फवाराच नको. मध्यम अनुकूल आहे, तर ट्रायकोडर्मा. ढग, गारठा, ओल असं सगळं जुळून येणार असेल, तर रासायनिक. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत जैविकाला त्याच्या ताकदीइतकंच काम दिलं आहे. आपल्याकडं जैविकाचे कैवारी आणि रासायनिकाचे विक्रेते दोघेही हे मधलं बोलणं टाळतात, कारण त्यात कुणाचंच पूर्ण पाकीट खपत नाही.

पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात असंच मधलं काम झालं आहे. इंदू सावंत आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की ट्रायकोडर्माचा एक निवडक वाण आणि गंधक यांची सांगड घातली तर द्राक्षावरची भुरी अधिक चांगली आवरते. गंधक हे भुरीवरचं जुनं, स्वस्त औषध, आणि हा वाण त्याच्यासोबत नांदू शकतो. प्रत्येक औषधासोबत असं जमत नाही. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं. स्ट्रेप्टोसायक्लिन बॅसिलस आणि स्यूडोमोनासला. ‘एकाच पंपात सगळं’ या सवयीत शेतकरी सकाळी विकत घेतलेले जीव दुपारी स्वतःच्या हातानं संपवतो आणि संध्याकाळी दुकानदाराला दोष देतो.

दुकानदारही अगदी निर्दोष नसतो. ट्रायकोडर्माच्या भुकटीत ग्रॅमला किमान वीस लाख जिवंत कण आणि स्यूडोमोनासमध्ये दहा कोटी असावेत, असं केंद्रीय नोंदणीचं प्रमाण आहे. पाकिटावर हा आकडा छापलेला असतो तो भरतानाचा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली रचून ठेवलेल्या खोक्यात त्यातले किती उरले, हे दुकानात कुणी मोजत नाही. रासायनिक औषध शिळं झालं तरी काहीतरी काम करतं. मेलेलं कल्चर म्हणजे निव्वळ टाल्क पावडर. नोंदणी क्रमांक, भरल्याची तारीख आणि थंड जागा या तीन गोष्टी पाहून घेतलेलं पाकीट आणि ‘हे पण जैविकच आहे’ म्हणून काऊंटरखालून आलेली बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

घरच्या उपायांचं काय? आंबट ताक फवारून भुरी घालवणारे शेतकरी जिल्ह्याजिल्ह्यांत भेटतात आणि शहरी माणूस त्यांना हसतो. ब्राझीलच्या वाग्नर बेतियोल यांनी १९९९ साली हरितगृहातल्या झुकिनीवर साधं दूध पाण्यात मिसळून फवारलं. आठवड्यातून एकदा-दोनदा, दहा टक्क्यांच्या आसपास दूध, आणि भुरी रासायनिक औषधाइतकीच किंवा त्याहून जास्त आटोक्यात. हा अनुभव भुरीचा आहे, केवड्याचा नव्हे. ढोबळीवरची सोडली तर भुरी पानाच्या वरवर राहते म्हणून तिथं अशा गोष्टी चालतात.

केवड्यापुढं आणि उशिरा येणाऱ्या करप्यापुढं जैविकाचा हात आखडतो, हे मान्य करायला हवं. १८४५ नंतर आयर्लंडचा बटाटा आणि त्यासोबत दहा लाख माणसं घेऊन गेलेला हाच तो करपा. ऑगस्टात मावळातल्या उघड्या रानात टोमॅटो लावला, आठ दिवस सूर्य दिसला नाही आणि पानं रात्रंदिवस ओली राहिली, तर कोणतंही कल्चर त्याला थोपवणार नाही. तिथं उपाय आधीचे आहेत: त्या हंगामात ते पीक टाळणं, आधारानं वेल उंच नेणं, ओळींत वारा खेळता ठेवणं, जमिनीलगतची पानं काढून रानाबाहेर नेणं, सहनशील वाण निवडणं. पॉलिहाऊसमध्ये पहाटे पडदे वेळेवर गुंडाळून पानावरचं पाणी लवकर सुकवलं, तर केवड्याचे काही तास हिरावून घेता येतात, आणि याला पैसे पडत नाहीत.

जैविकाची खरी जागा या पट्ट्यात दोन ठिकाणी दिसते. एक रोपवाटिकेत, जिथं कोकोपीटच्या ट्रेमध्ये ट्रायकोडर्मा देऊन कोलमड थांबवता येते आणि रोप शेतात जाण्याआधीच सावध होतं. दुसरी ऑक्टोबर ते मार्चच्या झाकलेल्या पिकात, जिथं पाऊस वस्ती धुऊन नेत नाही, शत्रू मुख्यतः भुरी असते आणि तोडा थांबत नाही. तिथं रोग दिसण्याआधीपासून, ऊन कलल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला लागेल असा बॅसिलसचा नेमानं फवारा, पहिल्या ठिपक्याला अँपेलोमायसिस, आणि हवा बिघडणार असेल तर तोड्याचे दिवस मोजून गंधक किंवा दुसरं काही, असा क्रम जमतो. हे काम कटकटीचं आहे. रोज वेल उलटून पाहणारा माणूस त्यासाठी लागतो आणि तो मजूर म्हणून मिळत नाही.

रासायनिकाची वाटही आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. युरोपनं मॅन्कोझेबची परवानगी २०२० च्या शेवटी नाकारली. त्याच वर्षी भारतात सत्तावीस कीडनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला होता, मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम त्यात होती. २०२३ च्या आदेशात शेवटी त्यांतली तीनच पूर्णपणे गेली. त्या तिघांत डिनोकॅप हे भुरीवरचं जुनं औषध होतं.

द्राक्षाच्या निर्यातीला २००६ च्या सुमारास अपेडा या केंद्रीय कृषी-निर्यात संस्थेनं ग्रेपनेट ही नोंदणीव्यवस्था आणली, तेव्हापासून युरोपला जाणाऱ्या बागेची नोंद होते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अवशेष जास्त निघाले तर माल अडतो. मांजरीच्या संशोधनाला बागायतदारांनी कान दिला त्यात या धाकाचा वाटा आहे. मावळची काकडी आणि ढोबळी मात्र रात्री टेम्पोत भरून पिंपरीच्या नाहीतर गुलटेकडीच्या बाजारात उतरते. तिथं क्रेटमधल्या मालाचा रंग, आकार आणि ताजेपणा पाहून भाव ठरतो. वेलीवर शेवटचा फवारा कधी आणि कशाचा झाला होता, हे अडत्या विचारत नाही.